सेलाले ऊन, डबीले सावली

अमडापुरात इंद्रभानचं दुकान कुठं म्हणून कुणी विचारलं, तर लोक हसून सांगायचे, "मुक्या रेडिओचा दवाखाना ना? थो काय, पानवाल्याच्या अंगाले." दुकान म्हणजे बाजारओळीच्या टोकाला पत्र्याची एक खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पोट उघडलेले रेडिओ, आणि मधे पोतं अंथरून मांडी घालून बसलेला इंद्रभान. समोर कोळशाची शेगडी. गावात वीज आली होती, पण पाहुण्यासारखी. आली तर आली, नाहीतर नाही. म्हणून तारांना कथलाचा डाख द्यायची तांब्याची सळई तो शेगडीतच तापवायचा, आणि तापली की नाही हे गालाजवळ धरून बघायचा. बघणारा डोळे मिटून घ्यायचा, पण त्याचा गाल कधी भाजला नाही.

घरची वांग्या-कांद्याची वाडी थोरला भाऊ सांभाळायचा. इंद्रभान पोरवयात मामाकडे मलकापूरला गेला, तो स्टेशनाजवळच्या एका रेडिओच्या दुकानात जाऊन चिकटला. तिथल्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. तेव्हा काचेच्या दिव्यांचे मोठाले रेडिओ असायचे; पुढे ट्रान्झिस्टर आले. पहिला ट्रान्झिस्टर हातावर ठेवून उस्ताद म्हणाला होता, "इंदर, वो पुराना रेडिओ हाथी था. ये चींटी है. मगर याद रख, भूख चींटी को भी लगती है." इंद्रभाननं हे ऐकलं आणि विसरला. ऐकलेलं उमजायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं.

त्याची बायको गोजरबाई. बाई मोठी कष्टाची, हसरी, आणि पोथीची वेडी. शाळेची पायरी तिनं पाहिली नव्हती. पण लग्न होऊन अमडापुरात आली तेव्हापासून मंदिरात पोथी लागली आणि गोजरबाई खांबाशी बसली नाही असं झालं नाही. ऐकून ऐकून तिला पानंच्या पानं तोंडपाठ झाली होती. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की गोजरबाईला बोलावणं यायचं. ती उशाशी बसून म्हणायची. वाचता येणाऱ्याला पोथी केव्हाही उघडता येते. गोजरबाईचा पोथीकडे जायचा रस्ता एकच, कान.

आणि तोच रस्ता बुजायला लागला. मुलगी बेबी लग्न होऊन लोणारला गेली, त्याच साली गोजरबाईला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना ऐकू येणं थोडं थोडं घेऊन गेला. पहिल्यांदा चिमण्या गेल्या, मग भाकरी थापल्याचा आवाज गेला, मग माणसं. मागच्या अधिक महिन्यात तिला पोथी निम्मीच आली होती. घरी येऊन ती म्हणाली, "आवंदा किसनराव हळू वाचते वो." किसनराव हळू वाचत नव्हते, त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा.

इंद्रभाननं तिला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, कानातली शीर सुकत चालली आहे. हळूहळू पूर्णच सुकेल. तोवर यंत्र लावा, मुंबईहून मागवावं लागेल. इंद्रभाननं मनाशी हिशेब केला नाही. हिशेब करण्यासारखा नव्हताच तो. बसमध्ये बसल्यावर गोजरबाईनं विचारलं, "काय म्हणे थो?" त्यानं हातानं दाखवलं, होईल ठीक. ती जोरात म्हणाली, "मंग तोंड काऊन असं केलं?" अर्धी बस मागं वळून बघायला लागली. कान गेल्यापासून तिला आपला आवाज केवढा झाला हे कळत नसे. गावात म्हणायचेच, गोजरबाईला गुपित सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची.

बहात्तर साली अधिक महिना वैशाखात आला. पाऊस आधीच दगा देऊन गेलेला, विहिरी तळाला लागलेल्या. जो तो म्हणत होता, हाच तो दुष्काळातला तेरावा महिना. पण गोजरबाई संक्रांतीपासून बोटं मोजत होती. अधिक महिन्याची पोथी तीन वर्षांतून एकदा. पुढचा अधिक येईपर्यंत कान राहायचे नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. एक दिवस भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "बेबीचे बाबा, गावाचे रेडिओ बोलते करता. मले एवढी एक पोथी ऐकवा. मंग कान गेले तं जाऊ द्या."

इंद्रभान जेवता जेवता थांबला. एवढ्या वर्षांत बाईनं काही मागितलं असेल तर हे.

त्यानं करायला घेतलं. अंगाच्या साबणाची एक प्लॅस्टिकची डबी घेतली. कानात घालायचं बोंडूक एका मोडक्या खिशातल्या रेडिओचं, आणि आवाज धरायलाही तसलंच दुसरं. मधे तीन ट्रान्झिस्टर, खाली दोन पेन्सिल सेल. काम बोलायला सोपं. आवाज पहिल्या ट्रान्झिस्टरच्या हाती पडतो. तो थोडा मोठा करून दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा कानाला. तिघांत पहिला जिवाचा. तोच जर आतल्या आत खसखसत असला, तर पुढचे दोघं त्याची खसखसच मोठी करून कानात ओततात. इंद्रभाननं जपून ठेवलेला एक जपानी ट्रान्झिस्टर होता, देवासारखा शांत. तो त्यानं पुढं बसवला.

आणि मग त्याला उस्तादची मुंगी आठवली.

ट्रान्झिस्टरला बोलणं नसतानाही सेलातली वीज थोडी थोडी पाजत ठेवावी लागते, तेव्हा तो जागा राहतो. कमी पाजलं की त्याला डुलकी लागते. मोठा आवाज चिरका होऊन येतो, बारीक तर येतच नाही. जास्त पाजलं की आवाज खणखणीत, पण सेल बघता बघता रिते. अमडापुरात मिळणारे सेल आधीच दुकानात पडून पडून अर्धमेले असत. इंद्रभान पेचकस घेऊन बसे. एवढंसं इकडं फिरवलं तर सेल जगायचे आणि गोजरबाई मरायची, असं तोच म्हणायचा. एवढंसं तिकडं फिरवलं तर गोजरबाई ऐकायची आणि सेल मरायचे.

पानवाला महादेवराव हे सगळं बसल्या जागेवरून बघत असायचा. तो म्हणाला, "कामाले लावलं नाई तरी खाते म्हनतं? अबे, मंग थो ट्रान्झिस्टर नाई, माहा जावई व्हय."

"जावई बरा," इंद्रभान म्हणाला. "थो उन्हाळ्यात जास्त तं खात नाई."

कारण खरी आडकाठी तीच होती. ऊन चढलं की ट्रान्झिस्टरची तहान आपोआप वाढायची. सकाळी गारव्यात बरोबर लावलेली डबी दुपारी ढोसायला लागायची. ढोसली की आतून तापायची, आणि तापली की आणखी ढोसायची. दुपारी लावावं तर सकाळी मुकी. आणि पोथी तर भर दुपारची, जेवणं झाल्यावर, मंदिरापुढच्या पत्र्याच्या मांडवात.

शेवटी त्यानं एक रीत बसवली. डबी थंड ठेवायची. पाण्याच्या रांजणाखाली ओली वाळू असते, तिच्यात गोजरबाई विड्याची पानं खुपसून ठेवायची. तिथंच एका वाटीत डबी ठेवायची, मंदिरात निघताना काढायची. आणि सेल? सेल मात्र उलटे. दमलेल्या सेलला ऊन दाखवलं की त्यात पुन्हा थोडा जीव येतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणून संध्याकाळी डबीतून सेल काढायचे, सकाळी पत्र्यावर वाळत टाकायचे, बिब्ब्यांसारखे. गोजरबाईला हे समजावताना त्यानं डबी कानाला लावूनच ओरडून सांगितलं, "सेलाले ऊन, डबीले सावली!" तिला फार हसू आलं. ती म्हणाली, "लहानपनी आमच्या घरी बी असंच होतं. भावाले सावली, मले ऊन."

पोथीचा पहिला दिवस मला वाटतं इंद्रभानच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस असावा, लग्नाहूनसुद्धा. तो देवळात बसणारा माणूस नव्हता. पारावर उभा राहून लांबून बघत होता. गोजरबाई खांबाशी बसली, पदराखाली डबी, कानात बोंडूक. किसनराव पाणी पिऊन, चष्मा पुसून तयार होत होते. तेवढ्यात मागं बसलेली सिंधूताई, गोजरबाईचीच शेजारीण, बाजूच्या बाईला कुजबुजली, "बहिरीले समोर कायले बसोलं? ऐकू येनाऱ्याची जागा अडते ना."

गोजरबाई गर्रकन वळली. "तुह्या सासूच्या आंगनात बसली का वो मी, सिंधे?"

मांडवात एवढा हशा उठला की किसनरावांनी पोथी मिटून घेतली. सिंधूताईनं तोंडावर पदर धरला, आणि पदरामागून ती पण हसत होती. "ऐकू आलं वो बाई हिले! खरंच आलं!" पारावरचा इंद्रभान मात्र हसला नाही. त्यानं देवळाकडे तोंड करून हात जोडले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघितलं.

ते दिवस बरे गेले. रोज संध्याकाळी गोजरबाई स्वैपाक करता करता पोथी सांगायची आणि तो ऐकल्यासारखं करायचा. मात्र महिना निम्म्यावर आला तसा उन्हानं जोर धरला. डबी मांडवात तापायची. आरतीपर्यंत पुरायचे ते सेल अध्याय संपायच्या आतच मान टाकायला लागले. एकदा तिनं डबी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली, तर आत पाणी शिरून दिवसभर कानात बेडूक ओरडल्यासारखं झालं. इंद्रभाननं मग तहान जरा कमी केली. तेव्हा किसनरावांचा चढा आवाज तेवढा येई. ते हळू झाले, देवाशी बोलल्यासारखे वाचायला लागले, की तेवढंच नेमकं गळून पडे. गोजरबाई म्हणाली, "ओरडनं येते. गोड असते थेच येत नाई." गोड ऐकवायचं तर सेल पुरत नाहीत, सेल पुरवायचे तर गोड राहत नाही. या दोन्हीच्या मधली एक जागा असेलही. पण ती रोज उन्हाबरोबर सरकायची आणि त्याच्या हाताला लागायची नाही.

अशात लोणारहून जावयाचा निरोप आला. धोंड्याचा महिना, जावयाचा मान. पुरणाचे धोंडे करायचे, ताटात दिवा लावून वाण द्यायचं. गोजरबाई पहाटेपासून चुलीपाशी. इंद्रभानला वाणाचं सामान आणायला चिखलीला जायचं होतं, आणि मोटार तर कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवत होती. सेल त्यानं अजून उन्हात टाकले नव्हते. रोज तोच टाकायचा. धावता धावता तो दारातून ओरडला,

"सेलं उन्हात टाकजो!"

आता बघा, सेल काढलेले म्हणजे डबी मुकी, आणि डबी मुकी म्हणजे गोजरबाई बहिरी. जे सांगायचं ते नेमकं अशाच वेळी सांगायचं आलं. तिनं धुरातून त्याच्या ओठांकडे पाहिलं. सेलं म्हणताना ओठ जसे हलतात तसेच सारं म्हणतानाही हलतात.

तिनं मान हलवली. मनात म्हणाली असेल, बरोबरच आहे, काल डबीपण किती दमली होती. पुरण वाटून झाल्यावर तिनं वाळूतली वाटी काढली. सेल डबीत घातले, म्हणजे दोघांनाही एकदमच जीव येईल. खटका सुरू आहे की बंद, हे तिला कानात घातल्याशिवाय कळत नसे. आणि कानात घालायला सवड कुणाला होती? शिडीवर चढून तिनं डबी पत्र्याच्या मधोमध ठेवली, जिथं सगळ्यांत जास्त ऊन. वाऱ्यानं पडू नये म्हणून बाजूला दगड लावला. वर एकदा नमस्कारही केला.

इंद्रभान परतला तेव्हा जावई जेवायला बसला होता. जेवणाच्या गडबडीत त्याच्या लक्षात आलं नाही. जावयाला निरोप देऊन आल्यावर गोजरबाईनं मोठ्या मानानं डबी आणून त्याच्या हातात दिली. "घ्या. सारं टाकलं होतं उन्हात."

डबीचा एक कोपरा मेणासारखा वाकला होता. सेल फुटून आतलं काळं पाणी ओघळलं होतं. ते सगळं सुधारलं असतं. पण तो पहिला, देवासारखा शांत, त्यानं तपासला आणि त्याच्या हाताला कळलं. चांगला असता तर एकाच बाजूनं वाहिला असता, हा दोन्ही बाजूंनी सारखाच वाहत होता, फुटक्या नळीसारखा. उन्हानं तापला, तापून ढोसला, ढोसून आणखी तापला. पत्र्यावर त्याला अडवायला कुणी नव्हतं.

मग इंद्रभान तोंडाला येईल ते बोलला. अक्कल काय गहाण ठेवली, बहिरी ती बहिरी वर आंधळी, असं बरंच. शेजारी सिंधूताई दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, पुरे! कोनाले बोलून राह्यले? तिले ऐकू तरी येते का?"

ऐकू येत नव्हतं. पण गोजरबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि यावेळी तिनं ओठ वाचण्यात एकही चूक केली नाही. ती आत गेली आणि रांजणाखालची रिकामी वाटी धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो मलकापूरला गेला. उस्ताद आता थकला होता, दुकान पोरगा बघायचा. उस्तादनं डबे उलथेपालथे केले आणि त्यातला त्यात बरा ट्रान्झिस्टर काढून दिला. "देसी है. चलेगा. मगर बोलेगा भी." तसंच झालं. इंद्रभाननं तो बसवला, डबी गोजरबाईच्या कानाला लावली आणि समोर बसून हाका मारल्या. तिनं कपाळाला आठ्या घालून, जीव कानात आणून ऐकलं. मग हळूच बोंडूक काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"यात मानूस नाई वो. यात नुसता स्टोव्ह पेटला."

त्याच सुमारास उत्तमरावांचा रेडिओ दुरुस्तीला आला. उत्तमराव गावातले मोठे जमीनदार. रेडिओ खिशात मावणारा जपानी. काटा फिरवायचा दोरा तुटला होता, बाकी काही नाही. इंद्रभाननं तो उघडला, आणि आत पहिल्या घरात त्याचा तो बसलेला. तोच नंबर. तसाच शांत. इंद्रभाननं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. उत्तमराव समोरच महादेवरावाकडे पान लावून घेत होते.

"उत्तमराव, एक गोष्ट मांगू का?"

"मांग ना. उसनंपासनं सोडून काईबी मांग."

"तुमच्या रेडिओतला एक ट्रान्झिस्टर."

उत्तमरावांचं पान हातात राहिलं. "अबे, म्हंजे माहा रेडिओ मुका करून तुही बायको ऐकती करतं?" पानाच्या टपरीवर सगळे हसले. इंद्रभान खाली बघत राहिला. तेव्हा उत्तमरावांनी आवाज उतरवला. "पोथीसाठी व्हय?"

"हाव."

"माही माय जवा गेली, तवा गोजरबाई तिच्या उशाशी बसली होती. पोथीतलं म्हनत होती, डोळे मिटून." त्यांनी पान तोंडात टाकलं. "घे काढून. समाप्ती झाली की परत बसवजो. अन् कोनाले सांगू नको, नाईतं उद्या लोक माहे दात बी मांगतीन."

देव असा कधी कधी दार उघडतो. आपणच उंबऱ्याला ठेचकाळतो.

नाजूक ट्रान्झिस्टरला डाख लावताना त्याचा पाय चिमट्यानं घट्ट धरायचा असतो, म्हणजे सळईची आच चिमटा पिऊन घेतो आणि ती आत पोचत नाही. हे इंद्रभाननं शेकडो वेळा केलं असेल. त्या दिवशीही केलं. सळई गालाजवळ धरून बघितली, चिमटा लावला. पण मनात मांडव होता, किसनराव होते, मंदिरात घंटा वाजत होती. हाताला घाम होता. चिमटा सरकला. किती वेळ? श्वास घ्यायला लागतो तेवढा. त्यानं लगेच फुंकर मारली. पोरांच्या भाजल्यावर मारतो तशी.

मग तपासला. दोन्ही बाजूंनी सारखाच वाहत होता.

महादेवरावानं हाक मारली, "काय झालं बे?" त्यानं शेगडीवर राख ओढली. संध्याकाळी तो घरचा स्वतःचा जुना, काचेच्या दिव्यांचा रेडिओ उचलून उत्तमरावांकडे ठेवून आला. उत्तमराव नको नको म्हणत होते, पण तो थांबला नाही. घरातला तेवढा बोलणारा आवाजही गेला.

घरी येऊन तो गोजरबाईपुढं बसला आणि तळहात उघडला. हातावर दोन ट्रान्झिस्टर, मेलेल्या मुंगळ्यांसारखे. तिनं निरखून पाहिलं. एकावर बोट ठेवून म्हणाली, "हा म्या मारला." मग दुसऱ्यावर. "अन् हा?"

इंद्रभाननं हात आपल्या छातीवर ठेवला.

आधी तिचे खांदे हलले. त्याला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. "बरं झालं," ती म्हणाली, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. "येकटीच्या डोक्शावर नाई राह्यलं." मग पदरानं डोळे पुसले, आणि बोलली ते मात्र हळू होतं, किंवा तिला हळू वाटलं असावं. "आता तुमी जा पोथीले. नवऱ्याचं अर्धं पुन्य बायकोले लागते म्हनतात. तुमी ऐका, मले अर्धी येईन."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवाला इंद्रभान बायकांच्या बाजूला, खांबाशी, तिच्या जागेवर बसायला लागला. कान त्याचे शाबूत. किसनरावांचा शब्द न् शब्द कानावर यायचा. आत मात्र काही राहायचं नाही. राजा वनात निघाला की याचं मन निघायचं ते चिमट्यापाशी जाऊन थांबायचं. मग भानावर यायचा तोवर राजा कुठल्या कुठं गेलेला असायचा.

घरी आलं की गोजरबाई वाट बघत असायची. "काय झालं आज?"

तो हातवारे करायचा. मुकुट दाखवायचा, घोडा दाखवायचा, झाडं दाखवायचा.

"राजा वनात गेला? काल बी वनातच गेला होता. रोजच जाते का थो?" आणि मग कपाळाला हात लावून, "तुमी झोपले होते."

तो मान हलवून नाही म्हणायचा. झोपला नव्हता हे खरं. ऐकलं नव्हतं हेही खरं. चांगले कान असून पोथी गळून जाते, हे कुणाला सांगावं? आणि जिच्यात एक थेंब सांडला नसता, तिचं दार बंद.

समाप्तीच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून निघाली. सिंधूताईनं खुणेनं विचारलं, तू कशाला? ती म्हणाली, "पाहाले तं येते." मांडवात गर्दी होती. सिंधूताईनं खांबापाशी सरकून दोघांना जागा करून दिली. किसनरावांनी पोथी उघडली.

थोड्या वेळानं इंद्रभानला वाटलं, कुणीतरी बघतं आहे. गोजरबाईची पाठ पोथीकडे होती. ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती, आणि टक लावून त्याचा चेहरा बघत होती. तो हसला की तिला कळणार होतं, पोथीत काही गमतीचं आलं. त्याचे डोळे भरले की कळणार होतं, आता देव भेटला. तो सावरून बसला. इकडंतिकडं बघण्याची सोय राहिली नाही. मन चिमट्याकडे जाऊ देण्याची तर नाहीच. कारण उगाच काही चेहऱ्यावर उमटलं, तर ती त्यालाच पोथी समजेल. त्यानं दोन्ही कान किसनरावांकडे लावले. एकेक शब्द धरायला गेला. पण त्याला आधीचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून कोण कुणासाठी रडतं आहे हेच उमगेना. बाया हसल्या, तो उशिरा हसला. त्याच्यानंतर ती हसली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्याला काही केल्या रडू येईना, आणि ती थांबून राहिली, हातात पदर धरून.

शेवटी जयघोष झाला. मांडव दुमदुमला, शांत झाला. इंद्रभाननं हात जोडलेले पाहून गोजरबाईनंही जोडले, आणि सगळे थांबल्यावर तिचा एकटीचा आवाज उठला, खणखणीत, "हरी विठ्ठल!" कुणी हसलं नाही. किसनरावांनी पुन्हा एकदा हात जोडले.

तीर्थप्रसाद घेऊन दोघं घराकडं निघाली. ऊन अजून पत्र्यापत्र्यावर होतं. वाटेत ती थांबली आणि त्याचा हात धरून विचारलं,

"सारं आलं ना ऐकू?"

इंद्रभाननं मान हलवली. निम्मंही आलं नव्हतं. पण तिला सांगायचं कोणत्या तोंडानं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ते ऐकायचं कोणत्या कानानं?